पदर

रबाळ्याला, नाल्याच्या अलीकडच्या गल्लीत आमची लॅब.
मी चिकटलेलं सोलून बघते,
त्याचा मला पगार मिळतो.

पंधरा मिलिमीटरची पट्टी कापायची,
नखानं एका टोकाचा पापुद्रा उचलायचा,
दोन टोकं दोन जबड्यांत, आणि बटण.
स्क्रीनवर आकडा चढतो.
घरी पोळीला पदर सुटले नाहीत तर मी खट्टू होते,
इथे पदर सुटला की अख्खा लॉट परत.

तुमच्या फरसाणाची पुडी तीन थरांची असते.
वर छापायला पॉलिएस्टर,
मध्ये ॲल्युमिनियम, केसाहून बारीक,
पण उजेडालाही आत घेत नाही,
तळाला पॉलिथीन, शेवेला लागून.
असं चिकटवतो आम्ही,
की नंतर आम्हालाही सुटत नाही.
म्हणून ती पुडी पुन्हा काहीच होत नाही.
तुर्भ्याला पडून राहते,
चकचकीत.

नवी फिल्म आली तेव्हा बिवलकर साहेबांनी
सगळ्यांना बोलावून समजावलं:
वर पॉलिथीन, मध्ये पॉलिथीन, खाली पॉलिथीन,
ॲल्युमिनियमची नुसती वाफ फिरवलेली.
एकत्र वितळेल, एकत्र पुन्हा दाणे होतील.
"थोडक्यात काय, जातीतच जमवायचं,
म्हणजे पुढे भानगड नाही."
सगळे हसले. चहा आला.

माझा नवरा हरेश्वर दिवाळ्याचा कोळी.
मी सोलापूरची पद्मशाली.
सोळा वर्षं झाली.
नखानं टोक उचलून बघणारे
दोन्हीकडे होते.
फिल्मबद्दल साहेबांचं बरोबर आहे,
मी मान हलवली, तेवढ्यापुरतीच,
आणि कप उचलून ट्रायल तीनकडे गेले.

पहिल्या सहा ट्रायल फुकट.
सील करायला गेलं की वरचा थरच वितळून
गरम जबड्याला लोंबायचा, साईसारखा.
मग वरचं पॉलिथीन आधी ताणून घेतलं,
उभं, पाच-सहा पट,
तेव्हा कुठे त्याला उष्णता सोसायला लागली.
गोंदही नवा, बिनवासाचा.
पंचेचाळीस अंशांच्या खोलीत दोन दिवस रोल झोपवून ठेवायचा.
दारावर मीच लिहिलंय: उघडू नये.

अकरावी ट्रायल पास झाली त्या दिवशी
एक तुकडा पर्समध्ये टाकला.
गेटबाहेर गयाबाई बसते, गोण्या लावत.
तिच्याकडे मशीन नाही. प्लास्टिक ती
कानाशी धरून चुरगाळते.
आमची जुनी पुडी चुरगाळून म्हणाली,
"हे कडकड बोलतंय. हे कोणी घेत नाय."
नवी चुरगाळली. पुन्हा चुरगाळली.
मग नाल्याच्या कठड्याशी जाऊन
कोपऱ्याला काडी लावली, हुंगली.
"मेणबत्ती," म्हणाली.
"आवाज मऊ हाय हिचा. कॅरीबॅगच्या घरातली."

मला वाटलं, झालं.
आमचा पाऊण लाखाचा रिपोर्ट
एका काडीत.

पण तिनं तुकडा मला परत दिला.
"चमकती ना बाई.
कानानं मी बघते. भंगारवाला डोळ्यानं बघतो.
चमकलं की फेकतो."

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला.
चिकट: पास. सील: पास. ऑक्सिजन: पास. बाष्प: पास.
आवाजाला रकाना नाही.
म्हणून शेऱ्यात लिहिलं:
आवाज मऊ आहे.
चमक कमी करून बघावी.

संध्याकाळी फॉर्म परत आला.
पहिल्या ओळीवर लाल प्रश्नचिन्ह.
दुसरीवर बिवलकर साहेबांच्या अक्षरात:
ग्राहक चमकेचेच पैसे देतो.

काडीनं जळका कोपरा असलेला तो तुकडा
अजून पर्समध्ये आहे,
बसच्या पासमागे.
बेलापूरपर्यंत कधी कधी मी त्याचं टोक
नखानं उचलायला बघते.
सवय.
अजून तरी सुटलेलं नाही.